सवाष्णींची तपासणी

२० नोव्हेंबर २००८

डायरी लिहिण्याची सवय मला नाही. कॉलेजात मैत्रिणी लिहायच्या आणि मग एकमेकींना वाचून दाखवायच्या, तेव्हा मला हसू यायचं. पण संध्याकाळी खोलीचं दार लावलं की सकाळपर्यंत बोलायला कोणी नसतं. टीव्हीही बिघडलाय. भिंतीशी बोलण्यापेक्षा वहीशी बोललेलं बरं, निदान लोक वेडी म्हणणार नाहीत.

तर बातमी अशी की मला नोकरी लागली. पंचवटीत एका ट्रस्टचा दवाखाना आहे, तिथे आरोग्यसेविका म्हणून. बायकांनी गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरची तपासणी करून घ्यावी, हे घरोघर सांगत फिरायचं. डॉ. गायधनी मॅडमनी स्वतः बसून शिकवलं. हा कॅन्सर एका विषाणूमुळे होतो, त्याचं नाव एचपीव्ही. तो शरीरसंबंधातून जातो, पुरुषाकडून बाईकडे आणि बाईकडून पुरुषाकडेही. आयुष्यात कधी ना कधी तो बहुतेकांना होतोच आणि बहुतेकांच्या अंगातून आपोआप निघूनही जातो, पत्ता लागत नाही. एखादीच्या अंगात मात्र ठाण मांडून बसतो आणि दहा-पंधरा वर्षांनी तिथे कॅन्सर धरतो. त्याआधी तपासणीत बदल दिसला तर साध्या उपायाने निभावतं. पाळी गेल्यावर पुन्हा रक्त जाणं, संबंधानंतर रक्त जाणं, घाण वासाचं पाणी जाणं, कंबर धरणं, ही लक्षणं. मी सगळं तोंडपाठ केलंय. मॅडम म्हणाल्या, पाठांतर छान आहे.

ही बातमी माझ्या नवऱ्याला, मनोजला सांगायची होती, पण मस्कतचा फोन लागत नाही. तो तिकडे जाऊन दोन वर्षं झाली. या दिवाळीला येणार होता, कंपनीने रजा दिली नसेल.

शेवटी शेजारच्या कमळाबाईंना सांगितलं. आमच्या दोघींच्या खोल्यांमध्ये एकच भिंत. त्या मूळच्या विंचूरच्या. त्यांचे मालक तिथल्या कांदा मार्केटात मापारी होते, ते गेल्याला बारा वर्षं झाली. आता त्या गणेशवाडीच्या बाजारात पालेभाजी विकतात. नोकरीचं ऐकून मेथीची एक जुडी हातात ठेवली आणि म्हणाल्या, "आता घरात तोंड पाडून बसू नको." तोंड पाडून मी कधी बसले?

४ डिसेंबर

आज मुलींच्या वसतिगृहात माहिती द्यायला गेले. मनोजची धाकटी बहीण मीना तिथेच राहते, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिनेच बाईंना सांगून कार्यक्रम ठरवला. मुली आधी उशांमध्ये तोंड खुपसून हसल्या. मग मी सांगितलं, नवीन लस निघाली आहे, मुंबई-पुण्यात मिळते आणि आता नाशकातही येऊ लागली आहे. संबंध येण्याआधी घेतली तर सगळ्यात चांगली. तेव्हा हसणं थांबलं.

एकीने विचारलं, म्हणजे ज्या बाईला हा रोग झाला ती वाईट चालीची का? मी ठणकावून सांगितलं की नाही. एकाच माणसाशी आयुष्यभर संसार केलेल्या बाईलाही होतो. कोणाकडून आला, कधी आला, ते कोणत्याच डॉक्टरला सांगता येत नाही, आणि शोधायला जाऊही नये. या उत्तरावर त्यांच्या बाईंनी मान डोलावली.

मीना मला बसस्टॉपपर्यंत सोडायला आली आणि वाटेत किती प्रश्न. एकदाच संबंध आला तरी होतो का? हो, होऊ शकतो. कंडोम वापरला तर? धोका बराच कमी होतो, पण पूर्ण जात नाही, कारण विषाणू आजूबाजूच्या कातडीवरही असतो. आणि ज्या मुलीचा आधीच संबंध आला तिने लस घेऊन उपयोग आहे का? हे मला माहीत नव्हतं, मॅडमना विचारून सांगते म्हटलं. एवढं बारीक लक्ष देऊन कोणीच ऐकलं नव्हतं. पोरगी अभ्यासू आहे, तिला नर्सिंगला घालायला हवं होतं.

दादाचा फोन आला का, असं मी तिला विचारलं. ती म्हणाली, वहिनी, तुमची बस आली. बस तर लांब होती.

५ डिसेंबर

मॅडमना विचारलं. संबंध आलेल्या मुलीलाही लस देतात, फायदा थोडा कमी. पण अंगात आलेला विषाणू लसीने जात नाही, म्हणून लस घेतली तरी तिशीच्या आसपास तपासणी सुरू करायचीच. मीनाला फोन करून सांगितलं. तिने सगळं पुन्हा एकदा विचारून घेतलं. मग म्हणाली, "वहिनी, तुम्ही कोणाला बोलला नाहीत ना, मी विचारलं म्हणून?" मी कशाला बोलेन, त्यात लपवण्यासारखं काय आहे?

१४ डिसेंबर

थंडी अशी की नळाचं पाणी हाताला चावतं. आणि कमळाबाई उजाडायच्या आत अंगणात चादर धूत होत्या. म्हटलं, मावशी, ऊन पडल्यावर धुवा. तर म्हणाल्या, आता सवय झाली.

संध्याकाळी चहाला बोलावलं तर उंबऱ्याबाहेरच पोतं घडी करून बसल्या. आत या म्हटलं तर, "मी हितंच बरी. आत देव हायेत तुझे." दिवाळीपर्यंत हीच बाई माझ्या स्टोव्हजवळ मांडी घालून बसायची. वय झालं की माणूस जास्तच सोवळं होत असेल. विधवा बाईने देवाजवळ जाऊ नये असं कुठल्या शास्त्रात लिहिलंय? मी असलं काही मानत नाही. पण त्यांना समजावणार कोण? बसल्या तशा कंबर चोळत बसल्या. मी बाम दिला.

२९ डिसेंबर

महिनाभर दारं वाजवून पायांचे तुकडे पडले आणि तपासणीला बायका आल्या नावापुरत्या. "आम्हाला काय धाड भरलीय?" असं तोंडावर सांगतात. एका सासूने तर सुनेला आत ढकलून दार लावलं. तिथली तपासणी म्हटलं की संपलंच.

रात्री मला कल्पना सुचली. संक्रांत आलीच आहे. दवाखान्यातच हळदीकुंकू ठेवायचं. अत्तर, गुलाबपाणी, तिळगूळ, मॅडमचं छोटं भाषण, आणि जी तपासणी करून घेईल तिला वाण. हळदीकुंकवाला जाते म्हटलं की कोणती सासू अडवेल? आज मॅडमना सांगितलं. त्या जरा थांबून म्हणाल्या, करून बघू. विमलाबाई सिस्टर म्हणाल्या, डोकं आहे हो तुम्हाला.

बोलावणं माझ्या नावाने जाणार आहे. खरं सांगायचं तर याचाच आनंद जास्त झाला. गेल्या वर्षी समोरच्या बिऱ्हाडात मला हळदीकुंकवाला बोलावलं होतं. तिथे कुंकू लावताना त्या बाईचा हात माझ्या कपाळाशी जरा अडखळला, असं मला वाटलं. उगाचच वाटलं असेल. माझा नवरा परदेशात आहे, मी सवाष्ण आहे, यात अडखळण्यासारखं काही नाही. यंदा तिला मीच कुंकू लावीन.

८ जानेवारी २००९

कमळाबाईंच्या हातचे तिळाचे लाडू कोणालाच जमत नाहीत. म्हटलं, मावशी, कार्यक्रमाला लाडू वळू लागा. तर म्हणाल्या, हात दुखतात. मेथीच्या जुड्या बांधताना नाही ते दुखत. पुन्हा विचारलं तर, "देवाधर्माच्या कामाला माझा हात नको" म्हणून आत निघून गेल्या.

मला रागच आला. आपल्याला बोलावणं नाही म्हणून मनात धरलं असणार. पण मी तरी काय करू? हळदीकुंकवाला विधवेला बोलावून सगळ्यांच्या पुढे तिचं कपाळ रिकामं ठेवायचं का? न बोलावण्यातच तिचा मान आहे. लाडू बाजारातून आणले. दगड आहेत.

१८ जानेवारी

सगळं फत्ते झालं. दुपारपासून बायकांची रीघ. मी लग्नातला शालू नेसले होते. समोरच्या बिऱ्हाडातल्या बाईला हळद लावली, कुंकू लावलं, तेव्हा तिने खाली वाकून नमस्कारही केला. मॅडम पडद्याआड दमून गेल्या, एवढ्या बायका तपासणीला बसल्या. विमलाबाई सिस्टरना म्हटलं, तुमची झाली का तपासणी? तर म्हणे, पुढच्या वर्षी बघू. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. मलाही एकीने विचारलं. मी सांगितलं की माझे मिस्टर दोन वर्षं बाहेरदेशी आहेत, मला काय गरज?

चारच्या सुमारास कमळाबाई रिकामी पाटी घेऊन फाटकाशी उभ्या दिसल्या. आत बोलावलं असतं तर त्यांनाच अवघडल्यासारखं झालं असतं, म्हणून मी तिळगूळ घेऊन मुद्दाम बाहेर गेले. त्यांनी तो पदरात घेतला आणि विचारलं, "डागदरीन बाई हायेत का आत?" मी म्हटलं, आज त्या कार्यक्रमात आहेत, कंबरेसाठी असेल तर सोमवारच्या ओपीडीत या. त्या बरं म्हणाल्या आणि थोडा वेळ तिथेच उभ्या राहिल्या. मला आत हाका मारत होते, मी पळाले.

मनोजला दाखवायला फोटो काढून घेतलेत. शालूत मी बरी दिसते.

१९ जानेवारी

सकाळी पेढे घेऊन मॅडमकडे गेले तर त्या कालचे तपासणीचे पेपर पुढ्यात घेऊन बसल्या होत्या. म्हणाल्या, "ललिता, काल विधवा किती आल्या? टाकलेल्या किती?"

मी म्हटलं, हळदीकुंकवाला त्या कशा येतील?

"तेच विचारतेय. काल आलेल्या बहुतेक पोरी तिशीच्या. माझ्याकडे हा रोग घेऊन येतात त्या पंचेचाळीस-पन्नाशीच्या, आणि त्यांच्यात कितीतरी जणींना नवरा नसतो. आपण ज्यांना शोधायला निघालो त्यांनाच दारावर अडवलं. मीही हो म्हटलं, माझीही चूक."

मी म्हटलं, पण मॅडम, नवराच नाही तर त्यांना धोका कशाचा?

त्यांनी पेपर बाजूला सारले. मग म्हणाल्या, "नवरा गेला म्हणून विषाणू जातो का?"

दहा-पंधरा वर्षं, हे मी तोंडपाठ म्हणून दाखवलेलं. पेढे तसेच टेबलावर ठेवून आले. एवढी राबले, आणि कोणी शाब्बास म्हणालं नाही. मॅडमना बोलायला काय जातं? त्यांना दारोदार फिरावं लागत नाही.

२५ जानेवारी

मीना आली होती. मी कार्यक्रमाचे फोटो दाखवले आणि म्हटलं, हे दादाला पाठवायचे आहेत, पत्ता बदललाय का बघ. ती रडायलाच लागली. म्हणाली, "वहिनी, दादा मस्कतला नाही. वर्ष झालं परत येऊन. सुरतला असतो." मग डोळे पुसत, "एकटा नाही."

घरच्यांनी तिला शपथ घातली होती. सासऱ्यांनाही माहीत आहे. सगळ्यांना माहीत आहे. मी तिच्यासाठी पोहे केले आणि तिने ते खाल्ले.

२६ जानेवारी

सुरतला चांगलं काम मिळालं असेल.

३० जानेवारी

चार दिवस कामावर गेले नाही. ताप आहे म्हणून कळवलं. आज संध्याकाळी दार वाजलं. कमळाबाई पेज घेऊन आल्या होत्या. भांडं उंबऱ्यावर ठेवून हात लांब घेतला, मला शिवू नये असा. मी चिडलेलीच होते. म्हटलं, मावशी, आता पुरे हे सोवळं, मी मानत नाही.

"सोवळं नाय गं. बाजूला बसलेय मी. आजारी मानसाला कशाला शिवू?"

बाजूला. पन्नाशी उलटलेली बाई. मी विचारलं, तुमची पाळी तर कधीच गेली होती ना? तर हसल्या. म्हणाल्या, "गेली व्हती की. चार वर्सं झाली. परत आली दिवाळीच्या टायमाला. म्हातारपनी तरनी झाले म्हनायची."

तेव्हापासून थांबलीच नाही? थांबते, पुन्हा येते. वास? त्यांनी मान खाली घातली.

मेथी, चादर, पोतं, लाडू, फाटक, सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं. दोन महिने ही बाई माझ्या दाराबाहेर बसून होती आणि मी आत बसून लक्षणं पाठ करत होते. मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

१ फेब्रुवारी

येत नाहीत म्हणतात. काल सकाळी, दुपारी, आज पुन्हा, किती समजावलं. फाटकाशी आल्या होत्या त्या कंबरेच्या गोळ्या मागायला, एवढंच कबूल करतात. शेवटी मी आवाज चढवला तेव्हा बोलल्या.

"नवरा नसलेल्या बाईनं तिथं जाऊन पडायचं? बाजारात बसते मी, ललिता. बायका इचारतील, हिला बारा वर्सं नवरा नाय आन ही काय तपासून घेती? एकदा तोंडात आलं की माझी भाजी कोन घेईल? तुझं काय, तुला नवरा हाय."

सवाष्णीने विधवेला शिकवायचं आणि विधवेने ऐकायचं, असंच चाललं होतं इतके दिवस. मी खाली, त्यांच्या पोत्यावर, त्यांना खेटून बसले आणि म्हटलं, "नाही. मला नवरा नाही. सुरतला दुसरीबरोबर राहतो."

हे पहिल्यांदा तोंडातून बाहेर पडलं. आकाश कोसळलं नाही. कमळाबाईंनी फक्त मान हलवली. म्हणाल्या, "भिंत एकच हाय आपली. दोन वर्सांत तुझ्याकडं एक फोन वाजलेला ऐकला नाय मी. वर्सभर तर तुझंच बोलनं ऐकते, कुनाशी बोलतीस कुनास ठावं."

मग आम्ही दोघीही रडलो. त्या आपल्यासाठी आणि मी माझ्यासाठी, पण शेजारी बसून. नंतर मी म्हटलं, मीही तपासून घेते, तुमच्याआधी. लोक बोलले तर दोघींबद्दल बोलतील. त्या म्हणाल्या, बघू. मग म्हणाल्या, बुधवारी बाजार कमी असतो.

४ फेब्रुवारी

विमलाबाई सिस्टरनी माहिती विचारताना नेहमीसारखं म्हटलं, मिस्टर परदेशी ना? मी म्हटलं, नाही, आम्ही एकत्र राहत नाही. त्यांनी वर बघितलं नाही, हे त्यांचे उपकार.

तपासणीत दुखत नाही, असं मी आजवर सगळ्यांना सांगत आले. खरंच दुखत नाही, पण लाज वाटते आणि थंड वाटतं, हे सांगायला हवं होतं. यापुढे सांगेन. मी बाहेर येऊन म्हटलं, झालं सुद्धा. मग कमळाबाई गेल्या. आत जाताना त्यांनी माझं मनगट धरलं ते सोडलंच नाही, म्हणून मीही आत उभी राहिले. मॅडमनी बघितलं आणि त्यांचा चेहरा बदलला नाही. पण हाताच्या खुणेने सिस्टरना दुसरी हत्यारं मागितली आणि छोटा तुकडा तपासायला काढला. मला एवढं कळतं. ज्या बाईला काही नसतं तिचा तुकडा काढत नाहीत.

परत येताना कमळाबाईंनी विचारलं, "डागदरीन बाई लय गप का झाल्या?" मी म्हटलं, त्या तशाच आहेत.

१६ फेब्रुवारी

कॅन्सर आहे. फार पसरलेला नाही, पण ऑपरेशनने भागण्याच्या पुढे गेलाय. शेक, म्हणजे रेडिएशन, द्यावे लागतील. मॅडमनीच मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांशी बोलून सोय केली. मी विचारलं, जानेवारीत सापडला असता तर? त्या म्हणाल्या, तीन आठवड्यांनी फरक पडत नाही, पाच वर्षांपूर्वी सापडायला हवा होता. ही माझी समजूत घातली की खरं, ते मी विचारलं नाही.

कमळाबाईंना मी सांगितलं. त्या भाजीवर पाणी मारत होत्या. सगळ्या भाजीवर मारून झाल्यावर म्हणाल्या, "दिराला कळवू नको. तो खोली मागायला येईल."

८ मार्च

दवाखान्यात महिलादिन झाला. या वेळी बोलावणं मी वेगळं केलं. कुंकू नाही, वाण नाही, कोणीही यावं. बाजारातल्या सगळ्या बायकांना स्वतः जाऊन सांगितलं. आल्या थोड्याच. भागीबाई, नवसाबाई, आणखी चार-पाच. सगळ्या बिननवऱ्याच्या. एकमेकींना बघून आधी ओशाळल्या, मग बटाट्याच्या भावावर बोलू लागल्या. मीनाही आली होती, एका मैत्रिणीला लसीची माहिती हवी म्हणून. मैत्रिणीचं नाव मी विचारलं नाही. निघताना फक्त एवढं म्हटलं, मीना, तुझ्या मैत्रिणीला सांग, घाबरू नको, आणि काही वाटलं तर माझ्याकडे ये. ती माझ्या गळ्यात पडली. एवढं मलाही आता कळतं.

समोरच्या बिऱ्हाडातल्या बाईला सुरतचं समजलंय. जिन्यात भेटली तर पदर सावरून बाजूला झाली. संक्रांतीला तिला हळद लावलेला हात माझाच होता.

२२ मार्च

रोज सकाळी शेकाला जायचं, दुपारी परत. कमळाबाई खंगल्यात. जेवण उलटतं, जुलाब होतात. तरी रिक्षात बसल्या की बाजारातून जाऊ म्हणतात, आपली जागा कोणी धरली का बघायला. आज तिथे एक अनोळखी बाई कोथिंबीर घेऊन बसली होती. कमळाबाई रिक्षातूनच तिच्यावर असल्या खेकसल्या की रिक्षावाला दचकला. मला फार बरं वाटलं.

रात्री त्यांच्याच खोलीत झोपते. माझ्या खोलीपेक्षा तिथे झोप लागते.

२ एप्रिल

आज शेकाच्या रांगेत बसलो असताना कमळाबाईंनी विचारलं, "हे मला मालकाकडनं आलं का?"

या प्रश्नाचं उत्तर मी किती ठिकाणी दिलंय. सांगता येत नाही, शोधू नये, पुढचा प्रश्न. आज ते तसं तोंडातून निघेना. त्या नवऱ्याबद्दल नेहमी सांगतात, मार्केटातून सुटला की सरळ घरी यायचा, वाटेत चहालाही थांबायचा नाही. काय सांगू मी? खोटं सांगितलं तर त्यांना कळतं. म्हटलं, मावशी, बहुतेक त्यांच्याकडूनच. पण त्यांना ते माहीतही नसणार. पुरुषाला काही होत नाही, कळत नाही. तुमच्या लग्नाआधी कधी, कुठून तरी आलं असेल. त्यांची चाल वाईट होती असं यावरून म्हणता येत नाही.

त्यांनी ऐकून घेतलं. वाटलं आता रडतील किंवा मालकांना शिव्या देतील. पुढे दोन बायका आत जाऊन आल्या. मग म्हणाल्या,

"तो गेला तवा दिरानं सगळं नेलं. सायकल, घड्याळ, त्याचा कोटसुदिक नेला. फोटू बी नाय एक माझ्याजवळ. म्हटलं, काय बी ठिवलं नाय मागं." रांगेत एक जागा पुढे सरकल्या. "म्हंजे हे व्हतं की. बारा वर्सं माझ्याजवळ व्हतं."

मी म्हटलं, मावशी, असं काय बोलता, हा रोग आहे. "तर काय," त्या म्हणाल्या. "रोगच हाय. जळू दे." आणि नाव पुकारलं तशा उठून आत गेल्या.

४ एप्रिल

माझा स्वतःचा रिपोर्ट फेब्रुवारीपासून दवाखान्याच्या कपाटात पडून होता. विमलाबाई सिस्टर रोज म्हणायच्या, घेऊन जा. आज घेतला. चांगला आहे. कुठे काही बदल नाही. मी मॅडमना विचारलं, म्हणजे मला तो विषाणू कधी आलाच नाही का? त्या म्हणाल्या, आलाही असेल आणि शरीराने घालवलाही असेल, आता कळणार नाही. आणि हसून पाठीवर हात ठेवला.

मीही हसले. बाहेर येऊन फाटकाशेजारच्या बाकावर बसले आणि इतकी रडले की रस्त्यावरची माणसं बघू लागली. असं वाटणं मूर्खपणाचं आहे. काही न सापडणं हीच चांगली गोष्ट, हे मी स्वतः किती जणींना सांगितलंय. पण कमळाबाईंपाशी बारा वर्षं त्यांच्या माणसाचं काहीतरी होतं, भले जीवघेणं, आणि माझ्यापाशी मनोजचं काहीच उरलेलं नाही, हे मनातून जाईना.

घरी आले तर त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. काय निघालं, म्हणून विचारलं. मी सांगितलं, काही नाही, सगळं ठीक आहे, आता तीन वर्षांनी पुन्हा तपासायचं. त्यांनी माझ्या डोळ्यांकडे बघितलं, पण रडलीस का, असं विचारलं नाही.

"तीन वर्सांनी," त्या म्हणाल्या. "मी येईन तुझ्यासंगं."

मी हो म्हटलं.